परिचारिकेच्या पात्रतेचा विनिमय-दर

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. दहा हजार तरुण-तरुणींना तेथे पाठविण्याची घोषणा त्या वेळी झाली आणि ज्या व्यवसायांचा उल्लेख करण्यात आला त्यांत परिचारिकाही होत्या. अशा करारांचे पुढे काय होते याचा अनुभव आपल्याला नवा नसल्यामुळे दहा हजार या आकड्याची चर्चा येथे करीत नाही. परंतु एक बदल मात्र डोळ्यांत भरण्यासारखा आहे. मुलीने डी.एड. करावे, फार तर बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असा ज्या घरांतून वर्षानुवर्षे आग्रह होता, त्या शिक्षकांच्या व कारकुनांच्या घरांतून आता "नर्सिंगला घातले तर बाहेर जाता येईल काय?" असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर 'होय' असेच आहे. मात्र त्या उत्तराच्या पोटात जो जमाखर्च दडलेला आहे तो कोणी मांडून दाखवीत नाही. भाषावर्गांच्या फलकांवर तर तो सापडण्याचा संभव नाहीच.

मागणी खरी आहे, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लक्ष परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लक्षांची तूट होती. दर सात परिचारिकांपैकी एक ही ज्या देशात काम करते त्या देशात जन्मलेली नाही, असेही तो अहवाल सांगतो. परंतु परिचर्या हा चहा किंवा कापूस नव्हे की प्रतवारीचा शिक्का मारला आणि गाठोडे जहाजावर चढविले. परिचारिकेचा परवाना हा प्रत्येक देशाने आपल्या सार्वभौमत्वाचा भाग मानला आहे. आपल्या येथील तीन वर्षांची जनरल नर्सिंगची पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी, एवढ्या भांडवलावर सीमेपलीकडे एकच गोष्ट मिळते : पुन्हा परीक्षेस बसण्याची परवानगी. रुपया बाहेर जाताना विनिमय-दराने बदलतो हे सर्वांस ठाऊक असते. पात्रतेलाही असाच विनिमय-दर असतो आणि तो ठरविण्यात विकणाऱ्याचा काहीही हात नसतो.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी करण्यासाठी प्रथम इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. 'आयईएलटीएस' परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ गुणांक हवा, किंवा 'ओईटी' ही वैद्यकीय व्यवसायांसाठी असलेली इंग्रजी परीक्षा तरी हवी. त्यानंतर संगणकावर गणित व परिचर्याशास्त्र यांची परीक्षा, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर ब्रिटनमध्ये जाऊन प्रात्यक्षिकाची दहा स्थानकांची परीक्षा. हिला 'ऑस्की' म्हणतात. २०२४ साली अर्जाच्या छाननीचे १४०, संगणक-परीक्षेचे ८३, ऑस्कीचे ७९४ व नोंदणीचे १५३ असे एकूण १,१७० पौंड, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास, केवळ शुल्कापोटी लागत. यांतील काही भाग अनेक ब्रिटिश सरकारी रुग्णालये भरून देतात, हे नमूद केले पाहिजे. ऑस्कीचा पहिला प्रयत्न नोकरी सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांत करावा लागतो आणि ती उत्तीर्ण होईपर्यंत वेतन खालच्या श्रेणीचे असते.

या ऑस्कीत नेमके काय पाहतात, हे समजून घेण्यासारखे आहे. परीक्षार्थीने रुग्णापाशी जाऊन प्रथम आपले नाव सांगायचे, त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल ते विचारायचे, मनगटावरील पट्टी तपासायची, जे करणार ते समजावून त्याची संमती घ्यायची, ठरलेल्या क्रमाने हात धुवायचे आणि मग नाडीला हात लावायचा. रुग्णाची पाहणी, काळजीची योजना, तिची अंमलबजावणी आणि अखेरचे मूल्यमापन अशी चार स्थानके एकमेकांत गुंफलेली असतात. औषध देताना रुग्णाला कशाचे वावडे आहे हे विचारण्याचे राहिले, तर बाकीचे कौशल्य वाया जाते. आपल्या परिचारिका या परीक्षेत अडखळतात त्या बहुधा इंजेक्शन देता येत नाही म्हणून नव्हे. शिरेत सुई घालण्यात तिचा हात परीक्षकापेक्षा बसलेला असण्याचाही संभव आहे. ती अडखळते ती या बोलण्यात, विचारण्यात, थांबण्यात.

याचे कारण तिच्या अंगी सौजन्य नाही हे नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. ज्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात आप्ताच्या उशाशी एखादी रात्र काढली आहे त्यांना हे प्रमाण ऐकून हसू येईल. चाळीस-पन्नास खाटा, जमिनीवरील गाद्या वेगळ्या, आणि रात्रपाळीला एक किंवा दोन सिस्टर! त्यांनी प्रत्येकाला "आपल्याला काय म्हणून हाक मारू?" असे विचारीत बसावे, ही अपेक्षा क्रूर थट्टेची होईल. तात्पर्य, परदेशी परीक्षा ज्या गोष्टीची चाचणी घेते ती आपल्या विद्यार्थिनीने पुस्तकात वाचलेली असते, पण वॉर्डात कधी पाहिलेली नसते. खाजगी शिकवणीवर्ग हीच उणीव भरून काढण्याचे पैसे घेतात. आपल्या रुग्णालयांनी मनुष्यबळात जी काटकसर केली तिची वसुली अशा रीतीने परिचारिकेच्या खिशातून होते.

जर्मनीची तऱ्हा निराळी. तेथे भाषा हाच मोठा डोंगर आहे. व्यवसायाची पूर्ण मान्यता मिळण्यास जर्मनची 'बी-२' पातळी लागते आणि पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात ज्यांनी थोडेबहुत धडे गिरविले आहेत त्यांना तिथवर पोहोचणे म्हणजे काय हे सांगावयास नको. नोकरी न करता पूर्ण वेळ दिला तरी वर्षभराची बेगमी लागते. शिवाय तेथील राज्याचे अधिकारी आपल्या अभ्यासक्रमातील विषय व तास त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात आणि कोठे किती कमी आहे ते लेखी कळवितात. ती तूट रुग्णालयातील काही महिन्यांच्या पूरक प्रशिक्षणाने किंवा एका परीक्षेने भरून काढायची. तोपर्यंत ती सहायक म्हणून काम करते. आणि येथे अनेकींना एक धक्का बसतो. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, भरविणे, कूस बदलणे ही कामे नातेवाइकांवर किंवा आयाबाईवर सोपविलेली असतात. जर्मनीत ती परिचारिकेच्या कामाचा गाभा मानली जातात. उलट शिरेतून औषध देण्यासारखी जी कामे आपल्याकडे सिस्टर डोळे मिटून करते ती तेथे परंपरेने डॉक्टरांकडे असतात. पदवीधर मुलीला हा दर्जाचा ऱ्हास वाटतो. मला तसे वाटत नाही. वृद्ध माणसाला सन्मानाने अंघोळ घालता येणे हे कौशल्यच आहे, आणि ते हलके समजण्यामागे स्पर्शाविषयीचे आपले जुने संस्कार किती आणि शास्त्र किती, हे तपासून पाहण्यास हरकत नाही.

अमेरिकेची 'एनक्लेक्स' ही परीक्षा संगणक घेतो व प्रत्येक उत्तरानुसार पुढील प्रश्न निवडतो. कोणाला ८५ प्रश्न येतात, कोणाला १५०. ती भारतात बसून देता येते आणि आपल्या मुली ती देतातही. अडचण तिच्या पलीकडे आहे. कायम वास्तव्याच्या नोकरीवर आधारलेल्या परवान्यांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. परिणामी २०२५ सालीही भारतात जन्मलेल्यांच्या रांगेत २०१३ च्या सुमारास नाव घातलेल्यांची पाळी चालू होती. तीच परीक्षा, तेच गुण. पण परिचारिका फिलिपिन्समध्ये जन्मली असेल तर प्रतीक्षा पुष्कळच कमी. गुणवत्तेवर चालणारा बाजार म्हणून ज्याचे कौतुक होते त्याचे हे रूप विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

चांगल्यांनी भरलेला दंड

आता मूळ प्रश्न असा की, भारतासारख्या देशाच्या परिषदेने दिलेल्या नोंदणीवर परक्यांचा विश्वास का बसू नये? यात परक्यांचा अहंकार नाही असे नाही. पण अर्थशास्त्रात याचे अधिक नेमके उत्तर आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, माल चांगला की वाईट हे ग्राहकाला बाहेरून ओळखता येत नसेल, तर तो सर्वच मालाची किंमत कमी लावतो. आणि या अविश्वासाचा दंड चांगला माल विकणाऱ्याला भरावा लागतो. नर्सिंग महाविद्यालयांचे तसेच झाले आहे. आपल्या देशातील बहुसंख्य नर्सिंग संस्था खाजगी आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत. काहींना रुग्णालय केवळ कागदावर आहे. मध्य प्रदेशात तर उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाला नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी करावी लागली आणि मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी करणाऱ्यांपैकीच अधिकाऱ्यास अटक झाली. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर लंडनमधील कारकुनाने कोल्हापूरच्या गुणपत्रकावर विसंबून का राहावे? (बनावटगिरी ही आपलीच मक्तेदारी आहे, असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ७,६०० हून अधिक खोट्या नर्सिंग पदविका विकल्याचे प्रकरण उघडकीस आले.)

म्हणजे परदेशी परीक्षेचे शुल्क हा काही अंशी आपल्या शैक्षणिक प्रशासनाच्या ढिलाईवरचा कर आहे, आणि तो भरते ती वीस-बावीस वर्षांची मुलगी. त्यात कागदपत्रांची यातायात वेगळीच. गुणपत्रके, तासांचा तपशील, चारित्र्याचा व नोंदणीचा दाखला हे सर्व शिक्षणसंस्थेने व परिषदेने थेट परदेशी कार्यालयास कळवावे लागते. आखाती देशांसाठी तर ही पडताळणी खाजगी कंपनीमार्फत होते व तिचेही शुल्क असते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बहिणीची मूळ कागदपत्रे तिच्या संस्थेने थकबाकीचे निमित्त काढून महिनोन्महिने अडकवून ठेवली. दरम्यान तिच्या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची दोन वर्षांची मुदत सरून गेली. ही परीक्षा पुन्हा द्यावयाची म्हणजे पंधरा हजारांवर रुपये पुन्हा मोजणे आले. तिच्या वडिलांची पेन्शन किती हे मला ठाऊक होते, म्हणून त्या आकड्याचा अर्थही कळला.

कर्जाची साखळी

पात्रतेचा हा खर्च बहुतेक घरांत कर्जातून भागविला जातो आणि कर्जाच्या वाटेवर दलाल उभा असतो. कुवेतच्या आरोग्य खात्यासाठी परिचारिका भरती करणाऱ्या एका संस्थेने प्रत्येकीकडून नियमाप्रमाणे १९,५०० रुपये घेण्याऐवजी साडेएकोणीस लाख घेतल्याचा आरोप २०१५ साली झाला, तेव्हा केंद्र सरकारने अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती केवळ सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम केला. त्याच्या आदल्याच वर्षी इराकमधील तिक्रित येथे युद्धाच्या वेढ्यात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या. बाहेर बंदुका चालू असतानाही त्यांतील कित्येकींचा पाय परतीसाठी उचलत नव्हता, कारण घरी कर्ज उभे होते आणि पगार थकलेला होता. जुलै १९१४ नव्हे, जुलै २०१४ ची ही गोष्ट आहे. वेठबिगारीचा काळ संपला असे आपण समजतो म्हणून तारीख मुद्दाम सांगितली.

ब्रिटनमध्येही काही मालकांनी अशी कलमे घातली की दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास भरतीचा खर्च परिचारिकेने परत करावा. त्यासंबंधीच्या तक्रारी वाढल्यावर तेथील सरकारला आपल्या आचारसंहितेत याविषयी मार्गदर्शन घालावे लागले. आपल्याकडील खाजगी रुग्णालयांचे बंधपत्र याहून वेगळे नव्हते. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे आणि तुटपुंजे वेतन याविरुद्ध मुंबई, दिल्ली व केरळातील परिचारिकांनी २०११-१२ मध्ये संप केले होते.

केरळने या बाबतीत जे केले ते पाहण्यासारखे आहे. तेथील मुली साठीच्या दशकातच चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत गेल्या. अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतर-कायदा आल्यावर तिकडे वळल्या. मुंबईच्या रुग्णालयांतून मल्याळी सिस्टर दिसू लागली ती याच लाटेत. कित्येकींसाठी मुंबई हा परदेशाच्या वाटेवरील मुक्काम होता. परदेशी नोकऱ्यांसाठी केरळ शासनाने १९७७ साली स्वतःचे महामंडळ काढले. पुढे 'नोर्का रूट्स' ही संस्था आली आणि तिने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मन सरकारी संस्थांशी केलेल्या करारानुसार निवडलेल्या परिचारिकेला 'बी-१' पातळीपर्यंतची भाषा येथेच विनामूल्य शिकविली जाते आणि उरलेला टप्पा व मान्यता ती जर्मनीत नोकरी करीत पुरी करते. खर्च मालकाकडे. पात्रतेचे ओझे मुलीच्या खांद्यावरून उचलून जो तिचे श्रम वापरणार आहे त्याच्या खांद्यावर ठेवणे, एवढाच यातील सारांश आहे आणि तो साधता येतो.

महाराष्ट्राला या व्यवसायाची परंपरा नाही, असे म्हणणे मात्र अज्ञानाचे ठरेल. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत विधवांना व मुलींना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा समाजाने नाके मुरडली होती. दुर्दैवाने नंतरच्या पांढरपेशा वर्गाने ती नाके पूर्ववत मुरडून घेतली.

मागणीची भरती-ओहोटी

ज्यांना कर्ज काढावयाचे आहे त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परदेशाची मागणी समुद्रासारखी असते. पश्चिम जर्मनीने ज्या केरळी मुलींना आग्रहाने बोलावले, त्यांतील अनेकींचे परवाने सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात वाढवून दिले नाहीत. ब्रिटनने २००६ साली सामान्य परिचारिकांना टंचाईच्या यादीतून वगळले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा आत घेतले. मग काही वर्षे भारतीय परिचारिकांचा ओघ असा लागला की तेथील नोंदवहीत परदेशातून नव्याने येणाऱ्यांत भारताचा क्रमांक पहिला आला. आणि २०२४ नंतर ही भरती पुन्हा झपाट्याने घटली. नर्सिंगचे शिक्षण चार वर्षांचे, भाषेचे एक वर्ष. आज फलक पाहून प्रवेश घेणारी मुलगी पाच वर्षांनी बाजारात येणार. उसाच्या लागवडीचे गणित ज्यांना कळते त्यांना हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही.

तरीही त्या जातात, आणि त्यांनी जाऊ नये असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असल्यास सरकारी वेतनाइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. केंद्र सरकारच्या रुग्णालयात सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. लहान शहरांतील खाजगी रुग्णालयांनी ती शिफारस कितपत पाळली हे वाचकांनी आपल्याच गावात चौकशी करून पाहावे. त्याच्या तुलनेत ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयात २०२५-२६ साली नोंदणीकृत परिचारिकेचे प्रारंभीचे वार्षिक वेतन ३१,००० पौंडांच्या थोडे वर होते. याचे रुपये करून पाहणे ही फसवी करमणूक आहे, कारण घरभाडे पौंडांतच द्यावे लागते. पण ती फसवणूक वजा केली तरी तफावत उरतेच. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आपल्याकडे हजार लोकसंख्येमागे सुमारे दोनच नोंदणीकृत परिचारिका आहेत. एकीकडे ही टंचाई आणि दुसरीकडे दहा-बारा हजारांवर राबणारी प्रशिक्षित मुलगी, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात नांदते. टंचाई असूनही वेतन वाढत नाही, याचा अर्थ रिकाम्या जागा भरण्याची कोणाला निकड नाही असा होतो. 'बुद्धीचा निचरा' म्हणून हळहळणाऱ्यांनी प्रथम मंजूर पदे किती व भरलेली किती याची विचारणा करावी.

राहता राहिला बाडेन-व्युर्टेमबर्गचा करार. त्याच्या किंवा तशा कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकावर सही करण्यापूर्वी पालकांनी काही प्रश्न लेखी विचारावेत. भाषेचा खर्च कोण करणार, आणि कोणत्या पातळीपर्यंत? मुलगी 'बी-१' परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झाली तर पुढील प्रयत्नाचे पैसे कोणाचे? नोकरीचा करार जर्मन भाषेत असेल तर त्याचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद प्रस्थानापूर्वी किती दिवस आधी हाती पडेल? मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास काही रक्कम परत करावी लागणार आहे काय? आणि तेथील अधिकाऱ्यांची पूर्ण मान्यता मिळेपर्यंतच्या महिन्यांत तिला वेतन मिळणार ते सहायकाचे की परिचारिकेचे?